दहाच्या वर्तुळाचा हिशेब

50 मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचे वर्तुळ 10.4 मिलिमीटर व्यासाचे असते आणि त्यावर जाणारी गोळी 5.6 मिलिमीटरची. गोळीची कड वर्तुळाच्या रेषेला नुसती शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून 8 मिलिमीटरच्या आत पडला की काम झाले. अंतिम फेरीत मात्र तेवढ्यावर भागत नाही. तिथे दहाचेही दशांश पाडतात आणि दर 0.8 मिलिमीटरला एक दशांश हातचा जातो. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ‘थ्री पोझिशन’चे कांस्यपदक घेतले, ते 451.4 गुणांवर. गोळ्या 44, सरासरी निघते 10.26.

हे आकडे पाहिले की नव्या नेमबाजाच्या मनात प्रश्न येतोच: कारखान्यातून आलेली रायफल आणखी अचूक करून घेता येईल का? येते. पण जर्मनीतल्या उल्मचे अन्शुट्झ किंवा वाल्थर यांची मॅच रायफल मुळातच चांगली असते. तिच्यात वरून काही घालण्यासारखे फार कमी उरते. तिच्या एका गोळीत आणि दुसरीत फरक कशामुळे पडतो, ती कारणे शोधून एकेक कमी करत जाणे, एवढेच हे काम आहे.

आधी मोजा

सगळ्या गोळ्या एकाच ठिकाणी, पण मध्यापासून दूर पडत असतील, तर साईटचे दोनचार क्लिक फिरवून प्रश्न सुटतो. गोळ्या विखरत असतील तर साईट फिरवून काहीच होत नाही. म्हणून आधी बघायचा तो ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पसारा.

इथे तीन गोळ्यांचा ग्रुप हमखास फसवतो. काहीही न बदलता त्याच रायफलने, त्याच काडतुसांनी 10 गोळ्या झाडल्या, तर दोन टोकांच्या गोळ्यांमधले अंतर तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून जास्त भरते. हा निव्वळ संभाव्यतेचा खेळ आहे. स्क्रू थोडा आवळला, तीन गोळ्या मारल्या आणि ‘फरक पडला!’ म्हणून खूश झाले, असे रेंजवर रोज घडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दहा-दहा गोळ्यांचे तीनचार ग्रुप घ्यायचे, तारीख आणि तापमानासह वहीत नोंदवायचे आणि मगच निष्कर्ष काढायचा.

एकाच नावाची, पण वेगळी काडतुसे

सगळ्यात मोठा फरक पडतो तो काडतुसांनी. या रायफलचे पॉइंट टू-टू काडतूस रिमफायर प्रकारचे असते. पेट घेणारे मिश्रण त्याच्या बुडाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवरच आदळते. मोठ्या बोअरचे नेमबाज दारू तोलून आपली काडतुसे आपणच भरू शकतात. रिमफायरमध्ये ती सोय नाही. कारखान्याने दिले ते घ्यायचे. निवड करायची ती फक्त बॅचची.

ही निवड किती मोलाची आहे, ते साध्या गणितात दिसते. मॅचचे काडतूस मुद्दामच आवाजाच्या वेगाखाली, सेकंदाला साधारण 325 मीटर वेगाने जाते, कारण आवाजाची मर्यादा ओलांडून पुन्हा खाली येताना गोळी डळमळते. 50 मीटर कापायला तिला सुमारे 0.16 सेकंद लागतो आणि तेवढ्या वेळात ती जवळजवळ साडेबारा सेंटिमीटर खाली येते. हे खाली येणे दर वेळी सारखे असेल तर काळजी नाही, साईट ते भरून काढते. पण दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला 10 मीटरचा फरक पडला, तर गोळी 7-8 मिलिमीटर वर किंवा खाली लागते. म्हणजे नेमबाजाची काही चूक नसताना दहाचा नऊ होऊ शकतो.

एली, लापुआ, आरडब्ल्यूएस या कंपन्यांच्या खोक्यांवर बॅच नंबर छापलेला असतो. नाव तेच, किंमत तीच, पण एका बॅचशी एका नळीचे जमते आणि दुसरीशी जमत नाही. शेजारच्या नेमबाजाचे त्याच दुसऱ्या बॅचशी उत्तम जमलेले असते. कारण कागदावर सांगता येत नाही, झाडूनच बघावे लागते. म्हणून या कंपन्यांनी टेस्ट रेंज ठेवल्या आहेत. तिथे रायफलचा स्टॉक उतरवतात, ॲक्शन आणि नळी जड लोखंडी शिकंज्यात घट्ट धरतात आणि एकामागून एक बॅच दहा-दहा गोळ्यांनी तपासतात. माणूस या हिशेबात येतच नाही. शिशाच्या गोळीला मेणासारखे वंगण लावलेले असते आणि प्रत्येकाचे वंगण निराळे. त्यामुळे नव्या काडतुसाच्या पहिल्या काही गोळ्या नळीला त्याचा थर बसवण्यातच जातात. त्या मोजायच्या नसतात. मनासारखी बॅच सापडली की परवडेल तेवढी एकदम घ्यायची, कारण संपली की पुन्हा मिळत नाही.

स्क्रू, पावसाळा आणि शिशाचे कडे

दुसरे कारण स्टॉक आणि ॲक्शन यांच्या सांध्यात असते. ॲक्शन स्टॉकमध्ये दर वेळी तसूभरही न हलता बसली पाहिजे. लाकडी स्टॉक पावसाळ्यात ओल धरून फुगतो, उन्हाळ्यात आक्रसतो. कोल्हापूरच्या जुलैतला आणि एप्रिलमधला ग्रुप वेगळा आला, तर आधी या सांध्याकडे बघावे. उपाय म्हणजे ॲक्शनखाली इपॉक्सीचा थर देऊन पक्की बैठक करणे, किंवा सरळ ॲल्युमिनियमचा स्टॉक. दोन्ही स्क्रू मात्र अंदाजाने आवळू नयेत. टॉर्क रेंच घ्यावा आणि कंपनीने दिलेल्या आकड्यावर थांबावे.

साफसफाईतही अती तिथे माती. नळीत चेंबरच्या लगेच पुढे शिसे आणि काजळीचे कडे जमते. नळी स्वच्छ दिसली तरी ते तिथेच असते आणि गोळीला पहिल्याच पावलाला खरवडते. ते काढायलाच हवे. पण रॉड नेहमी मागून, गाइड लावून घालावा. पुढून घातलेला रॉड नळीच्या तोंडाची कड झिजवतो आणि गोळी नळी सोडते ती नेमकी त्या कडेवरून.

मिलिमीटरचा दहावा भाग

पुढची आणि मागची साईट यांत साधारण 80 सेंटिमीटर अंतर धरले, तर डोळ्याच्या बाजूला झालेली 0.1 मिलिमीटरची चूक टार्गेटवर 6 मिलिमीटरहून मोठी होते. गालाची पट्टी, बट प्लेट आणि हँडस्टॉप यांच्या इतक्या चाव्या रायफलला दिलेल्या असतात, त्या यासाठीच. गाल प्रत्येक गोळीला त्याच जागी टेकला पाहिजे. पुढच्या साईटमधले कडे फार आवळून निवडू नये. काळ्या गोलाभोवती पुरेसा पांढरा पट्टा दिसला की डोळ्याला मध्य सहज सापडतो. ट्रिगर 100 ग्रॅमच्या आसपास असतो. तो आणखी हलका करण्यापेक्षा दर वेळी एकाच जागी सुटेल असा बसवणे महत्त्वाचे.

खर्च कुठे करायचा?

रायफलची चूक आणि माणसाची चूक यांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज होते. समजा, शिकंज्यातला ग्रुप 15 मिलिमीटर आणि नेमबाजाचा स्वतःचा पसारा 30. दोन्ही मिळून 33 ते 34. पैसे ओतून रायफल 10 मिलिमीटरवर आणली, तर एकूण पसारा जेमतेम 32 वर येतो. त्याऐवजी सरावाने स्वतःचा पसारा 20 वर आणला, तर जुन्याच रायफलने तो 25 होतो.

आता हेच गणित तेजस्विनी सावंतसारखीला लावा. कोल्हापूरच्या या नेमबाजाने 2010 मध्ये म्युनिकला प्रोन प्रकारात 600 पैकी 597 गुण मिळवून विश्वविजेतेपद घेतले. पालथे झोपून, स्लिंग आवळून झाडताना माणसाची चूक रायफलच्या बरोबरीला येते. दोन्हींचा पसारा 15 धरला तर एकूण 21, आणि रायफल 10 वर आणली की 18. इथे तीन मिलिमीटर म्हणजे प्रत्येक गोळीमागे दशांशाची लढाई. या पातळीचे नेमबाज नुसत्या बॅचसाठी रायफल घेऊन युरोप गाठतात, तो षोक नव्हे.

बाकीच्यांसाठी क्रम सरळ आहे: वही, टॉर्क रेंच, मापाचा स्टॉक, मग दोनतीन बॅचची तुलना. नवी नळी सगळ्यात शेवटी, तीही शिकंज्यातल्या ग्रुपने मागितली तरच.