‘ऑ’ कोणाचा?

तालुक्याच्या गावाहून शहरातल्या महाविद्यालयात आलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ओळख करून देताना मी ‘कालेज’ म्हणालो. वर्ग हसला. शिकवणारेही हसले. त्यानंतर वर्षभर मी वर्गात तोंड उघडले नाही. आज मी स्वतः शिकवतो, आणि ‘हापिस’, ‘डागदर’ म्हणणारी पोरे माझ्याही वर्गात मागच्या बाकावर गप्प बसलेली असतात. ज्या एका स्वरापायी ही तोंडे बंद होतात, तो स्वर मुळात आहे तरी काय?

‘ओ’ म्हणून पाहा. ओठ गोल होतात, जिभेचा मागचा भाग वर उचलला जातो. आता ओठ गोलच ठेवून जबडा थोडा खाली सोडा, जीभही उतरेल. जो आवाज निघेल तो ‘ऑ’. आणखी खाली उतरून ओठांचा गोलवा सोडला की ‘आ’च्या जवळ येतो. लंडनचे ध्वनिशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी स्वरांच्या तुलनेसाठी आठ मानस्वर ठरवले, त्यांत हा सहावा. तोंडातली ही एक जागा आहे. तिला सोवळेओवळे नाही.

मराठीच्या मूळ घडणीत हा स्वर वेगळा नव्हता. तो इंग्रजी शब्दांबरोबर आला. आपल्या माणसांनी त्याच्या जवळचा ‘आ’ धरला आणि ‘हाटेल’, ‘हापिस’ केले. हा अडाणीपणा नव्हे. परका शब्द आपल्या स्वरांत बसवून घेणे हे प्रत्येक भाषा करते. स्पॅनिशचे काम पाच स्वरांत भागते, त्यांत वेगळा ‘ऑ’ नाही. उलट बंगालीत ‘जल’ लिहितात आणि ‘जॉल’ म्हणतात, ओडियाचेही तसेच. बंगाली पंडित संस्कृतसुद्धा परंपरेने याच वळणाने म्हणत आले. शेजारच्या कोकणीत ‘ओ’ आणि ‘ऑ’ हे दोन निराळे स्वर आहेत.

आणि इंग्रजी? तिथेही या स्वराचे प्रकार एकाहून अधिक. अमेरिकेतील बहुसंख्य लोक ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’ यांतला स्वर ओठ गोल न करता, ‘आ’च्या जवळ उच्चारतात. म्हणजे ज्या ‘कालेज’साठी मी वर्षभर खाली मान घालून बसलो, ते न्यूयॉर्कहून आले असते तर वर्गाने कौतुकाने ऐकले असते! तेव्हा हसू उच्चाराला नव्हते. उच्चार कोणाच्या तोंडून येतो, त्याला होते.

पश्चिम आफ्रिकेतील योरुबा भाषेत ‘ओको’ म्हणजे शेत आणि ‘ऑकॉ’ म्हणजे नवरा. रोमन लिपीत हा भेद दाखवायला ‘ओ’खाली टिंब देतात. ही लेखनपद्धती घडवणाऱ्यांत सॅम्युअल अजायी क्राउदर अग्रभागी होते. 1821 साली गुलाम पकडणाऱ्यांनी त्यांना कोवळ्या वयात पळवले. 1822 मध्ये ब्रिटिश आरमाराने पोर्तुगीज गुलामजहाजातून सोडवले. 1843 साली त्यांनी योरुबा शब्दसंग्रह छापला. विक्रीला काढलेल्या माणसाच्या हाती लेखणी आली, आणि त्याच्या मायबोलीचे स्वर कागदावर आले.

आपल्याकडे काय झाले? विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जगत राहा या अर्थाचा ‘जग’ यांतले दोन ‘ज’ निराळे आहेत. ते प्रत्येक मराठी तोंड पाळते, पण लिपीत त्यांना वेगळी खूण नाही. इंग्रजीच्या ‘ऑ’साठी मात्र आपण डोक्यावर अर्धचंद्र चढवला. खूण कशाला द्यायची, हे लेखणी ज्यांच्या हाती होती त्यांनी ठरवले.

मी विद्यार्थ्यांना ‘ऑ’ शिकवतो. मुलाखतीच्या टेबलापलीकडे अजून तीच माणसे बसलेली असतात, म्हणून तो शिकवलाच पाहिजे. पण आधी ओठ कसे गोल होतात ते सांगतो, आणि त्यांचे ‘कालेज’ कुठून आले तेही सांगतो. परवा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, “सर, कालेजात माझा एक प्रश्न आहे.”

कोणी हसले नाही. प्रश्न चांगला होता.