साखर बाहेर जाते, स्फुरद कुठे जाते?

उसाच्या लागणीला डीएपीचे पोते फोडताना शेतकऱ्याच्या हाताला लागतो तो बहुधा परदेशातला दगड. आम्लात विरघळवून त्याचे खत केलेले असते, एवढेच. ५० किलोच्या पोत्यात, खताच्या हिशेबाने, २३ किलो स्फुरद असते. आडसाली उसाला हेक्टरी १७० किलोची शिफारस आहे, म्हणजे एकरी तीन पोती.

स्फुरद म्हणजे फॉस्फरस. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रँडने १६६९ मध्ये मूत्र आटवून तो मिळवला. खरे तर तो सोने शोधत होता! प्रौढ माणसाच्या शरीरात फॉस्फरस सुमारे ७०० ग्रॅम असतो. त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत, उरलेला पेशींच्या ऊर्जाव्यवहारात आणि डीएनएत. कोळशाऐवजी सूर्य वापरता येतो, तांब्याच्या तारेऐवजी ॲल्युमिनियमची चालते. फॉस्फरसचे काम मात्र दुसरे कोणतेच मूलद्रव्य करत नाही.

जगातले ज्ञात साठे आजच्या वेगाने सुमारे ३०० वर्षे पुरतील. त्यामुळे ‘उद्याच संपणार’ ही ओरड खरी नाही. अडचण वेगळी आहे. यातला दोन तृतीयांशाहून अधिक दगड एकट्या मोरोक्कोच्या ताब्यात आहे आणि भारत आपली बहुतेक गरज आयातीवर भागवतो. २०२१ मध्ये चीनने खतनिर्यातीला लगाम घातला, त्याची झळ आपल्यालाही बसली.

आता कोल्हापूरचा हिशेब पाहू. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढेच असते. जिल्ह्याबाहेर जाणाऱ्या साखरेच्या पोत्यातून फॉस्फरस जवळजवळ जातच नाही. कारखान्यात रसात चुना घातला की तो खाली बसतो आणि प्रेसमडमध्ये उतरतो. पाचटातही थोडा असतो. दोन्ही रानात परत गेले, तर उसाने उचललेल्यातला बराचसा भाग घरातच राहतो. शिवाय दर वर्षी घातलेल्या खतातला मोठा वाटा काळ्या रानात चुन्याशी आणि तांबड्या मातीत लोह-ॲल्युमिनियमशी बांधला जाऊन पडून असतो. तो मोकळा करायला स्फुरद विरघळवणारे जिवाणू काही अंशी मदत करतात. म्हणूनच माती परीक्षण न करता ‘शेजाऱ्याने टाकले म्हणून’ आणखी एक पोते टाकणे मला उधळपट्टी वाटते.

आपण खाल्लेला फॉस्फरस मात्र बहुतांशी मूत्रावाटे बाहेर पडतो. सांडपाण्याबरोबर तो जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून पंचगंगेत पोचतो आणि तिथे केंदाळ पोसतो. जर्मनीत २०२९ पासून मोठ्या सांडपाणी प्रकल्पांना गाळातून फॉस्फरस परत मिळवणे कायद्यानेच बंधनकारक होत आहे.