पहिली टेस्ला कॉइल कुठली बनवावी? मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवा, १२ व्होल्टपासून सुरुवात करा

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा भाचा तळवलीला आमच्या घरी आला, तो सॅकमध्ये चार-पाच किलोचा लोखंडी ठोकळा घेऊनच. "मामा, टेस्ला कॉइल बनवूया! भंगारवाल्याकडून मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर आणलाय." मुलगा दहावीत. व्हिडिओत हातभर लांब ठिणग्या बघून आलेला. मी ठोकळा उचलला आणि सरळ कपाटावर ठेवून दिला. साहेब रुसले. मग त्याला जे समजावलं तेच इथे लिहितोय, कारण पहिल्यांदा कॉइल बनवणारे बरेच जण नेमके याच ठोकळ्यापासून सुरुवात करायला जातात.

टेस्ला कॉइल नक्की काय करते?

निकोला टेस्लाने १८९१ मध्ये ही कॉइल बनवली. यात दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेच्या थोड्या वेढ्यांची प्रायमरी आणि बारीक तारेच्या शेकडो वेढ्यांची सेकंडरी. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये वेढ्यांच्या प्रमाणात व्होल्टेज वाढतं. इथे त्यापेक्षा पुष्कळ जास्त वाढतं, ते रेझोनन्समुळे. झोपाळ्याला दर वेळी योग्य क्षणी हलकासा धक्का दिला की तो उंच जातो ना, तसंच. प्रत्येक सेकंडरीची स्वतःची एक फ्रीक्वेन्सी असते. त्याच फ्रीक्वेन्सीने धक्के मिळाले की वरच्या टोकाला हजारो व्होल्ट साठतात आणि ठिणगी बाहेर पडते.

आता हे धक्के द्यायचे कोणी? यावरून डिझाइनचे तीन मुख्य प्रकार पडतात.

१. स्पार्क गॅपची कॉइल: ही टेस्लाच्या काळातली पद्धत. हजारो व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरने कपॅसिटर चार्ज करायचा आणि तो एका फटीतून ठिणगी पाडत प्रायमरीत रिकामा करायचा. दिसायला जबरदस्त, आवाजही कानठळ्या बसवणारा. पण प्रायमरी आणि सेकंडरीची फ्रीक्वेन्सी तुम्हालाच जुळवावी लागते.

२. मेन्सवर चालणारी सॉलिड स्टेट कॉइल: घरातले २३० व्होल्ट डीसी केले की सुमारे ३२५ व्होल्ट होतात. ते मॉस्फेटने चालू-बंद करायचे. गाणी वाजवणाऱ्या मोठ्या कॉइल याच घराण्यातल्या. एक चूक झाली की मॉस्फेट फटकन फुटतो.

३. स्लेयर एक्सायटर: एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक एलईडी आणि ९ ते १२ व्होल्ट. बास.

जाणकार म्हणतील, तिसरी ही खरी टेस्ला कॉइल नाहीच, तिची प्रायमरी ट्यून केलेली नसते. मान्य. तरीही नवख्याने हीच बनवावी असं माझं ठाम मत आहे.

धोका ठिणगीत कमी, मागच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये जास्त

बहुतेकांना वाटतं की कॉइलच्या टोकाची ठिणगी जीवघेणी. खरा मारेकरी खाली बसलेला असतो. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर सुमारे २,००० व्होल्ट देतो आणि तेही ५० हर्ट्झवर, म्हणजे हृदयाचे ठोके बिघडवणाऱ्या फ्रीक्वेन्सीवर. त्यातून शेकडो मिलीअँपिअर करंट सहज निघतो. जीव जायला त्याचा छोटासा भाग पुरतो.

भाचा म्हणाला, "पण मामा, घरात ईएलसीबी आहे ना!" हाच सगळ्यात मोठा गैरसमज. मेन्समधून गेलेला आणि परत आलेला करंट यात फरक पडला, तरच ईएलसीबी ट्रिप होतो. ट्रान्सफॉर्मरची सेकंडरी हे वेगळं सर्किट. तिथे तुम्ही चिकटलात तर मेन्सच्या बाजूला जाणारा-येणारा करंट सारखाच राहतो. ईएलसीबीच्या दृष्टीने सगळं आलबेल असतं, फक्त लोड थोडा वाढलाय. शिवाय कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून ठेवू शकतो.

"हाय फ्रीक्वेन्सी करंट कातडीवरूनच जातो, म्हणून सुरक्षित" असंही ऐकायला मिळतं. तेही चुकीचं. मज्जातंतूंना त्या फ्रीक्वेन्सीचा झटका जाणवत नाही इतकंच, पण आत भाजतं. दुखलं नाही म्हणजे इजा झाली नाही, असं समजू नका.

काय काय लागेल?

• एक इंची पीव्हीसी पाइपचा १२-१५ सेंटीमीटरचा तुकडा
• ३२ गेजची वाइंडिंग वायर. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते, आपल्याला साधारण ३० मीटर म्हणजे २० ग्रॅमसुद्धा लागत नाही
• बीडी १३९ ट्रान्झिस्टर आणि छोटा हीटसिंक
• २२ किलोओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी
• घराच्या वायरिंगची एक मीटरभर वायर
• ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी

हे सुटे भाग लॅमिंग्टन रोडला एका फेरीत मिळतात, ऑनलाइनही येतात.

जोडणी

पाइपवर बारीक तारेचे ३०० वेढे घाला. वेढ्यावर वेढा चढू देऊ नका. गुंडाळी सुमारे ९ सेंटीमीटर उंच होईल. खालच्या टोकावरचं इनॅमल पॉलिश पेपरने नीट खरवडा आणि ते टोक ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडा. वरचं टोक मोकळं सोडा. पाइपच्या तळाशी जाड वायरचे ३-४ सैल वेढे, ही प्रायमरी. तिचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कलेक्टरला. एमिटर मायनसला. रेझिस्टर प्लस आणि बेसच्या मध्ये. एलईडीचा लांब पाय मायनसला, आखूड पाय बेसला.

गंमत अशी की बेसला सिग्नल सेकंडरीकडूनच मिळतो. म्हणजे धक्का कधी द्यायचा हे झोपाळा स्वतःच सांगतो! म्हणून इथे ट्यूनिंगची कटकट नाही. नवख्यासाठी सुरक्षिततेच्या खालोखाल हाच मोठा फायदा.

चालली नाही तर?

आधी प्रायमरीची दोन टोकं अदलाबदल करून बघा. धक्का उलट्या दिशेने बसत असेल तर झोपाळा थांबणारच. माझी पहिली कॉइल याच कारणाने दोन दिवस गप्प होती आणि मी उगाच तीन ट्रान्झिस्टर बदलले. कॉइल चालू झाली की एलईडी लागतो. ट्रान्झिस्टर तापतो, म्हणून एका वेळी १०-१५ सेकंदच चालवा. सगळं नीट जमल्यावर मग १२ व्होल्ट द्या.

हातभर वीज काही निघणार नाही. वरच्या टोकाला जेमतेम ठिणगी दिसेल, तिला बोट लावू नका, बारीक भाजतं. मोबाइल लांब ठेवा. घरात कोणाला पेसमेकर असेल तर हा प्रयोग करूच नका.

दुसऱ्या रविवारी भाच्याची कॉइल तयार झाली. दिवे मालवले आणि ड्रॉवरमधला जुना सीएफएल हातात धरून तो कॉइलजवळ नेला. एकही वायर न जोडता दिवा लागला! आई स्वयंपाकघरातून बघायला आली आणि तिने तीनदा करून दाखवायला लावलं.

ठोकळ्याची सेकंडरी आम्ही दोघांनी हेक्सॉने कापून काढली. आता तो वाऱ्याने आपटणारा गॅलरीचा दरवाजा अडवायच्या कामाला आहे.