न उमटलेला तपकिरी रंग

बोटाच्या पेराएवढी कुपी, तळाशी शंभर मायक्रोलिटर द्रव, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब. वर लेबल: एचईसीडी-1. माणसाच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन हे प्रथिन नेमकं ओळखणारी ही अँटिबॉडी.

या प्रथिनाचा माग लागला तो पेशी चिकटेनाशा झाल्या म्हणून. क्योतोचे मासातोशी ताकेइची 1970च्या दशकात अमेरिकेत कार्नेगी संस्थेत गेले. क्योतोत ट्रिप्सिन या एन्झाइमने सुट्या केलेल्या पेशी पुन्हा एकत्र यायच्या, इथे काही केल्या येईनात. शोध घेतल्यावर कळलं, की इथल्या ट्रिप्सिनमध्ये ईडीटीए घातलेलं असतं आणि ते कॅल्शियम पकडून ठेवतं. कॅल्शियम असलं की चिकटवणारं प्रथिन ट्रिप्सिनपासून वाचतं, नसलं की कापलं जातं. फसलेल्या प्रयोगाला दोष न देता त्याच्यामागे लागणं, हे मला या सगळ्या कथेतलं सर्वांत मोठं वाटतं. पुढे ताकेइचींनी या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव दिलं.

एचईसीडी-1 हीही जपानचीच. एमसीएफ-7 या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशी उंदराला टोचल्या. त्याच्या प्लीहेतल्या अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा न मरणाऱ्या कर्कपेशींशी संकर केला. कोहलर आणि मिलस्टीन यांनी 1975मध्ये दाखवलेली ही वाट. अशा संकरित पेशी वाढत राहतात आणि एकाच जातीची अँटिबॉडी देत राहतात. मानवी ऊती आणि कर्करोगांवर या अँटिबॉडीच्या मदतीने केलेलं काम 1989मध्ये प्रसिद्ध झालं.

आता ही अँटिबॉडी जिथे वापरतात त्या काचेकडे या. ऊती बसवलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा काप काढायचा, मेण उतरवायचं, बफरमध्ये तापवायचं. फॉर्मॅलिनने जखडलेलं प्रथिन त्याशिवाय मोकळं होत नाही. मग अँटिबॉडी, तिच्यावर एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी, शेवटी त्या एन्झाइममुळे तपकिरी होणारं डीएबी. काही मिनिटांत रंग चढतो. भिंगाखाली दुधाच्या नलिकेतल्या प्रत्येक पेशीची कड उठून दिसते, मधाच्या पोळ्यासारखी. आत हिमॅटॉक्सिलिनने निळी झालेली केंद्रकं.

लोब्युलर प्रकारच्या स्तनकर्करोगात बहुतेक वेळा ही कड उमटतच नाही. ई-कॅडहेरिन घडवणाऱ्या सीडीएच1 या जनुकात बिघाड होतो, प्रथिन जातं आणि पेशी सुट्या होऊन एकामागे एक ओळीने तंतूंमधून शिरतात. काही लोब्युलर गाठींत मात्र रंग राहतो, म्हणून एकट्या या काचेवर निदान ठरवू नये. पेशींची ठेवण पाहावीच लागते.

आणि रंग नाही याचे अर्थ दोन. प्रथिन नाही, किंवा अँटिबॉडी खराब झाली, तापवणं कमी पडलं. पुन्हापुन्हा गोठवून वितळवलेली कुपी अशीच फसवते. म्हणून अनुभवी पॅथॉलॉजिस्ट फिक्या पेशींवर नजर टाकण्याआधी काच सरकवत राहतो, त्याच कापात कुठेतरी असलेली निरोगी नलिका सापडेपर्यंत. तिची कड तपकिरी दिसली, की तो गाठीकडे परत येतो.