भातुकलीच्या घराचं खुराडं

इंग्लंडात ज्यांची पोरं मोठी झालीत, त्यांच्या मागल्या बागेत बहुधा एक लाकडी खेळघर कुजत उभं असतं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, पुढे इवलीशी ओसरी, आत चढायला माळा आणि प्लास्टिकच्या तावदानांच्या दोन खिडक्या. लेक विद्यापीठात गेल्यावर आमच्या रेडिंगच्या बागेतल्या त्या घरात गवत कापायचं यंत्र राहायला आलं. कोंबड्या पाळायचं माझ्या डोक्यात जुनं होतं. संगमेश्वराकडे आमची आजी तिन्हीसांजेला कोंबड्या मोजून डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायची. इथे तयार खुराडी विकत मिळतात. पण स्वस्तातल्यांच्या फळ्या हाताने वाकतात आणि चांगल्यांची किंमत ऐकून नवरा गप्प बसतो. मग घर आहेच की उभं!

लेकीचा फोन आला. "आई, माझ्या घरात कोंबड्या?" शेवटी परवानगी मिळाली, फक्त पडदे काढायचे नाहीत या अटीवर. पडदे पहिल्याच दिवशी निघाले.

खेळघर दिसतं खुराड्यासारखं, पण त्याची सगळी रचना नेमकी उलट्या हेतूने झालेली असते. लेकराला बोटाने दार उघडता यावं, आत कोंडलं जाऊ नये, भिंतीवर आपटलं तरी लागू नये, म्हणून ते मुद्दाम हलकं आणि सैल ठेवतात. हा प्रत्येक सैलपणा म्हणजे कोल्ह्यासाठी वाट. इथला तांबूस, झुबकेदार शेपटीचा कोल्हा रानातच नाही, गल्लीतही राहतो. कचऱ्याच्या डब्यांमागून भरदिवसा चालत जाताना दिसतो. सहा फुटी कुंपण तो सहज चढतो, वीतभर फटीतून अंग काढतो आणि जमीन उकरतो. आत शिरला की एक कोंबडी नेऊन भागत नाही त्याचं. फडफडतंय तोवर सगळ्या मारतो. त्यामुळे खुराडं थोडंफार सुरक्षित असं काही नसतं.

दारापासून सुरुवात केली. मुळात दाराला लोहचुंबकाचा ठोकळा आणि बाहेरून लाकडी खिट्टी होती. खिट्टी पावसात फुगते, उन्हात सुकते आणि नाकाने ढोसलं तरी फिरते. ती काढून वर एक आणि खाली एक असे दोन लोखंडी टॉवरबोल्ट बसवले. खालचा महत्त्वाचा, कारण वरून बंद असलेल्या पातळ दाराचा खालचा कोपरा कोल्हा पंजाने ओढून वाकवतो. बिजागऱ्यांचे स्क्रू अर्ध्या इंचाचे होते, तेही बदलले.

तावदानं बोटाने ढकलली तरी आत पडत होती. ती काढून जाळी लावली. 'चिकन वायर' या नावाने विकली जाणारी षटकोनी छिद्रांची जाळी कोंबडीला आत ठेवते, एवढंच तिचं काम. कोल्हा ती दातांनी फाडतो. घ्यायची ती अर्ध्या इंची चौकोनाची वेल्डमेश, १६ गेजची. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे दुकानात लक्षात ठेवावं. जाळी नुसती स्टेपल मारून भागत नाही. कडेने लाकडी पट्टी दाबून, मोठे वायसर घालून स्क्रू पिळायचे. काम झाल्यावर जाळीत बोटं अडकवून अंगाचा भार टाकून ओढून पाहायचं. आमच्या एका खिडकीची कड कुरकुरली, तिथे आणखी चार स्क्रू गेले.

खेळघराची जमीन पातळ फळीची आणि मातीला टेकलेली. तिच्याखालची ऊबदार, कोरडी, अंधारी जागा उंदीर सोडत नाहीत. घर उचलून काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवलं. खालून वारा आणि उजेड जाऊ लागला की उंदरांना तिथे करमत नाही. बाहेरच्या जाळीबंद अंगणासाठी सोपी युक्ती आहे. जाळी जमिनीत खोल पुरण्याऐवजी भिंतीच्या पायथ्याशी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरायची आणि खुंट्या ठोकायच्या. कोल्हा नेहमी भिंतीला नाक लावून उकरतो. पंजा जाळीला लागला की बाजूला सरकतो, पुन्हा तिथेच उकरतो. पण दोन पावलं मागे जाऊन सुरुवात करण्याचं त्याला सुचत नाही. महिन्याभरात गवत वर येतं आणि जाळी दिसेनाशी होते.

आतलं काम त्या मानाने सोपं. माळा काढला, कारण कोंबड्या सगळ्यात उंच जागी झोपायला धावतात आणि अंड्याच्या जड जाती तिथून उडी मारून पाय दुखावून घेतात. बसायला कडा घासलेल्या, दोन इंच रुंद दांड्या. अंड्याची पेटी दांडीपेक्षा खाली, नाहीतर त्या पेटीतच झोपतात आणि अंडी बरबटतात. एवढ्या घरात चार कोंबड्या सुखाने राहतात.

हवेबद्दल मात्र आपल्या लोकांचं हमखास चुकतं. थंडी म्हटली की आपण फटी बुजवायला धावतो. कोंबडीच्या अंगावर पिसांची रजई असते; तिला थंडी सोसते, दमटपणा सोसत नाही. श्वासाची वाफ आणि शिटेचा अमोनिया कोंडला की छाती धरते, आणि ओल्या हवेत तुऱ्याला हिमबाधा होते. म्हणून छपराच्या खाली, त्यांच्या डोक्याच्या वर, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या बारा महिने उघड्या.

छपरावरचं डांबरी फेल्टही काढून पन्हाळी पत्रा घातला. फेल्टखाली 'रेड माइट' ही टाचणीच्या टोकाएवढी कीड घर करते. दिवसा फटीत, रात्री कोंबडीच्या अंगावर रक्त प्यायला. उपाशी राहूनही ती कित्येक महिने तगते, त्यामुळे रिकामं खुराडंही निर्धोक नसतं. एकात एक बसवलेल्या फळ्यांच्या खेळघरात तिला लपायला जागाच जागा. काळोख पडल्यावर दांडीच्या खालून पांढरा कागद फिरवायचा. लाल रेघ उठली तर ती आली.

कोंबड्यांसाठीचं छोटं दार स्वयंचलित घेतलं, उजेडावर उघडमीट होणारं. चैन वाटेल, पण इथे डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं आणि मी कामावरून सहाला येते. तेवढे दोन तास कोल्ह्याला पुरतात.

आमच्या चौघी व्यावसायिक फार्मवरून निवृत्त झालेल्या. दीडेक वर्षाच्या झाल्या की अंडी कमी होतात म्हणून तिथे त्या नकोशा होतात. 'ब्रिटिश हेन वेल्फेअर ट्रस्ट' ही संस्था २००५ पासून त्यांना घरं शोधून देते. आल्या तेव्हा मानेवर पिसं नव्हती. आरवणारा कोंबडा ठेवला नाही. अंड्यांसाठी तो लागत नाही आणि शेजारी टिकवायचे आहेत.

सरकारी बाजू दोन वाक्यांत सांगते. १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमध्ये एक कोंबडी असली तरी नोंदणी सक्तीची आहे. बर्ड फ्लूच्या काळात कोंबड्या आत ठेवण्याचा हुकूम निघतो, म्हणून अंगणावर पारदर्शक पत्रा आधीच घातलेला बरा, म्हणजे रानपाखरांची शीट आत पडत नाही.

खरा धक्का खाण्याच्या नियमाचा. घरच्या स्वयंपाकघरातून गेलेलं काहीही कोंबड्यांना घालणं इथे बेकायदा आहे. शिळी पोळी नाही, भाताची खरवड नाही, ओट्यावर निवडलेल्या कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा नाहीत. बागेतून तोडून थेट दिलेला पालक चालतो. सूट फक्त पूर्ण व्हीगन स्वयंपाकघराला, आणि ज्या घरात दही विरजतं तिथे ती लागू नाही. रोगाचे जंतू अन्नातून जनावरांत जाऊ नयेत हे कारण. २००१ मध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली, तेव्हा डुकरांना उष्टं-खरकटं घालण्यावरही बंदी आली. मला नियम पटतो. संगमेश्वराहून आई फोनवर विचारते, "मग उरलेल्या पोळ्यांचं करतेस काय?" कचऱ्यात जातात म्हटलं, तर ती म्हणाली, "असल्या देशात कोंबड्या पाळूच नयेत."