सुरांची दृश्ये

भिलाई हे नाव उच्चारले की पोलाद आठवते. सोविएत साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. परंतु भिलाईची दुसरीही एक ओळख आहे. जवळच्याच गनियारी या खेड्यात १९५६ साली जन्मलेल्या आणि पुढे याच कारखान्यात नोकरी केलेल्या तीजनबाई यांनी छत्तीसगढची पंडवानी देशोदेशी नेली. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

पंडवानी म्हणजे पांडवांची गायिलेली कथा. तिच्या वेदमती पद्धतीत गायक बसून गातो, तर कापालिक पद्धतीत उभा राहून, फिरून, अभिनय करीत गातो. बायकांनी बसूनच गावे, अशी रूढी असताना तीजनबाईंनी कापालिक पद्धत पत्करली. त्यांच्या हातचा तंबोरा हा नुसते वाद्य नव्हे. तो खांद्यावर गेला की भीमाची गदा होतो, आडवा धरला की अर्जुनाचे धनुष्य होतो. एका लाकडी वस्तूची इतकी रूपे दिसतात आणि प्रत्येक रूप ठेक्याच्या नेमक्या आघातावर दिसते. मागून संवादिनी, ढोलक, तबला यांची साथ असते, आणि ‘रागी’ हा साथीदार हुंकार देऊन कथा पुढे ढकलीत असतो.

आजच्या मोठ्या जलशांत गायकाच्या मागे प्रचंड प्रकाशपट उभारतात आणि त्यावर सुरांबरोबर रंग व आकृती नाचवितात. ही चित्रे जागच्या जागी चालविणाऱ्या कलावंताला ‘व्हीजे’ म्हणतात. दृश्यवादक म्हटले तरी चालेल, कारण तोही एका अर्थाने साथच करीत असतो.

महाराष्ट्राला ही साथ अपरिचित नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर समाजाचे चित्रकथी कागदावर रंगविलेल्या चित्रांची पोथी समोर ठेवून एकेक चित्र उचलीत कथा गातात. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी तर १८९२ साली ‘शांबरिक खरोलिका’ नावाने जादूच्या दिव्याचे खेळ आरंभिले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या झोतात पडद्यावर उमटत. काचा अशा खुबीने सरकवीत की आकृती हलते आहे असे वाटे. जोडीला निवेदन आणि संगीत असे. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ यायला तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता!

पाश्चात्त्यांकडे रशियन संगीतकार स्क्रियाबिन याने ‘प्रोमेथ्यूस’ या रचनेच्या स्वरलेखनातच प्रकाशासाठी एक स्वतंत्र ओळ राखली होती. १९११ साली मॉस्कोत ती प्रकाशाविनाच वाजली. रंगांसह वाजली ती १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये.

आता काचेच्या जागी संगणक आला आहे. त्याच्याकडे चित्र सुरांना बांधण्याच्या दोन वाटा आहेत. पहिलीत सारे आधीच ठरलेले असते. चित्रमालिका तयार असते, वादकांच्या कानांत यंत्राची टिकटिक चालू असते आणि सर्वांनी तिच्याबरोबर धावायचे असते. दुसरीत संगणक ध्वनी ऐकतो, त्यातील खर्जाचे, मधले आणि तार कंपन वेगळे काढतो आणि त्यांच्या चढउतारावर चित्रे सोडतो. डग्ग्याच्या घुमाऱ्याला एक आकृती, बासरीच्या उंच स्वराला दुसरी, अशी वाटणी करता येते. मिनिटाला १२० मात्रांची चाल असेल, तर दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका, हे यंत्राला सहज उमगते.

अडचण येते ती आपल्या संगीतात. पहिली वाट तर येथे घातकच होय. रागीच्या एका हुंकाराने प्रसंग लांबतो, श्रोते रंगले की द्रौपदीचा आक्रोश आणखी काही आवर्तने चालतो. गायकाला टिकटिकीला जुंपले, तर कथा मरते आणि उरतो तो दिव्यांचा खेळ. दुसरीही वाट पुरेशी नाही. विलंबित एकतालाचे एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहूनही अधिक चालते. यंत्राला ठोका पडल्यावर कळतो, पण समेची चाहूल ती येण्यापूर्वी लागावी लागते. ती जाणकाराला ठेक्यावरून, गायकाच्या श्वासावरून, मानेच्या झोक्यावरून लागते. म्हणून येथे कळीवर बोट ठेवून बसलेला, ताल जाणणारा माणूसच हवा. शिवाय प्रत्येक मात्रेवर चित्र पालटण्याचा मोह त्याला आवरता आला पाहिजे. तंबोरा सारा वेळ गदा नसतो; बहुतेक वेळ तो तंबोराच असतो, म्हणून तर गदा झाला की अंगावर काटा येतो.

एक बारीकशी गोष्ट भौतिकशास्त्राची. प्रकाश तत्क्षणी पोहोचतो, ध्वनी मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. मैदानात मंचापासून शंभर मीटरवर बसलेल्याला गदेचा प्रहार आधी दिसतो आणि ढोलकाची थाप जवळजवळ तीन दशांश सेकंद मागाहून ऐकू येते. द्रुत लयीत एवढ्या अवधीत अख्खी मात्रा निघून जाते. कलावंताच्या हालचालीवर याला उपाय नाही. पडद्यावर मात्र आहे : मागच्या श्रोत्यांसाठी वेगळा पडदा उभारतात आणि त्यावरचे चित्र मुद्दाम तेवढेच उशिरा सोडतात.