कुंडीतले रोप आणि तळोज्याची वाट

पनवेलच्या वस्तीत गच्चीवर किंवा घरामागच्या हातभर जागेत कढीपत्ता लावा, मोगरा लावा, कोणी जाब विचारणार नाही. परंतु त्याच कुंडीत गांजाचे एक रोप लावले तर दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीचा गुन्हा होतो. आमच्या तरुणांना हे कोणी स्पष्ट सांगत नाही, म्हणून आज आम्ही ते सांगत आहोत.

आमचा तरुण मोबाईलवर जग पाहतो. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार रोपे लावता येतात, जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन. मग तो विचारतो, "झाडच तर आहे, विकायचे थोडेच आहे?" बाबा रे, तो कायदा तिथला. इथे १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू आहे. त्याचे आठवे कलम गांजाच्या झाडाची लागवड करण्यास मनाई करते आणि विसावे कलम दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड सांगते. बाळगलेल्या गांजाची शिक्षा वजनावर ठरते. एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंच्या वर व्यापारी प्रमाण. लागवडीला मात्र अशी पायरीच नाही. कुंडी असो की एकरभर शेत, कलम एकच. शिवाय जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यालाही पंचविसावे कलम सोडत नाही. घर आईच्या नावावर असते, हे पोराने विसरू नये.

धाग्यासाठी व बियांसाठी लागवडीची परवानगी सरकार देऊ शकते, उत्तराखंडने २०१८ मध्ये तशी दिलीही. पण ती वाट परवानाधारकांची आहे. हौसेने लावलेल्या कुंडीला तिचा आधार नाही.

आता यातला जातवर्गाचा भाग पाहा. हे झाड पावसात माणसाएवढे वाढते, दिवस लहान होऊ लागले की फुलोरा धरते आणि त्याचा उग्र वास लपत नाही. पनवेल तालुक्यातल्या फार्महाऊसला उंच कुंपण असते, फाटकावर रखवालदार असतो. आमच्या वस्तीत भिंतीला भिंत लागलेली. तिथे काय उगवले ते सगळ्या आळीला दिसते, आणि खबऱ्यालाही.

कायद्याची व्याख्याही वाचण्यासारखी आहे. फुलोऱ्याचा शेंडा म्हणजे गांजा. शेंड्याशिवायचे नुसते पान त्या व्याख्येबाहेर. महाशिवरात्रीच्या भांगेला याच फटीतून वाट मिळाली. महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेवरही बंधन घालतो हे खरे, पण भांग ही 'परंपरा' आणि मजुराची चिलीम हा 'गुन्हा' ही मनुवादी नजर कोणत्या कायद्याने जाणार? विधी सेंटर या संस्थेने २०२० मध्ये मुंबईच्या न्यायालयांतील २०१७ व २०१८ ची दहा हजारांहून अधिक प्रकरणे तपासली. बहुतेक सेवनाची, तीही गांजाची. आणि पकडलेले बहुतेक रोजंदारीवर जगणारे, झोपडपट्टीतले. अमेरिकेतही गोरे-काळे जवळपास सारखाच गांजा ओढत असताना काळ्यांच्या अटकेचे प्रमाण पावणेचार पटीच्या घरात असल्याचे २०१३ च्या एका अहवालाने दाखवले. ज्यांच्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आमची पँथर उभी राहिली, त्यांचे दुखणे आम्हाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. देशातल्या कच्च्या कैद्यांत सुमारे एक पंचमांश अनुसूचित जातींचे आहेत, आणि तळोज्याचा तुरुंग तर याच तालुक्यात आहे.

याचा अर्थ आम्ही गांजाची वकिली करतो असा कोणी काढू नये. पंचशीलातील पाचवे शील नशेला प्रमादाचे मूळ मानते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही मद्य वर्ज्य आहे. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या डोके वापरू दिले नाही, त्याने मिळालेले डोके धुरात घालवायचे काय? पण व्यसनात सापडलेल्या पोराला उपचार हवेत, कोठडी नव्हे. अल्प प्रमाण किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण देणारे ६४ अ कलम याच कायद्यात आहे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. विहारातल्या रविवारच्या सभेत एवढी माहिती वाचून दाखवली तरी पुष्कळ काम होईल.

याच पनवेलच्या सोनबा येलवे यांची आठवण चळवळ सांगते. तहानलेल्या बाबासाहेबांना पाणी मिळाले नाही, याची खंत बाळगून ते पाण्याचे मडके भरून त्यांची वाट पाहत राहिले. त्या गावातल्या आमच्या पोरांनी आपल्या दारातल्या मातीच्या भांड्यात काय वाढवायचे, ते सोनबांना आठवून ठरवावे.